मूळपुरुषाचा माग काढताना

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात हातखंबा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विणेकरी, टाळकरी, मृदंगवादक, तुळशीवाल्या माउल्या, मुंबईहून रजा काढून आलेले चाकरमानी आणि वाडीवाडीतून आलेले ग्रामस्थ, सर्वांना आमचा दंडवत. आम्ही कीर्तनकार नाही, त्यामुळे पूर्वरंग-उत्तररंग आमच्याकडून होणार नाही. आम्हाला काम सांगितलं होतं ते एवढंच, की दिंडी ज्या घरातून निघाली त्या घराची वंशावळ स्मरणिकेत द्यायची आहे, ती तयार करा. भावकीतले आम्ही पाच जण कामाला लागलो. वाटलं होतं गणपती ते दिवाळी एवढ्यात होईल. दोन वर्षं गेली. त्यात काय सापडलं ते आणि त्यावरून भावकीत जो वाद झाला तोही, दोन्ही तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात घरातून केली. पितृपक्षात तीन नावं घेतली जातात, बाप, आजा आणि पणजा. चौथं नाव विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग एक गोष्ट सुरू होते, की आपला मूळपुरुष घाट उतरून आला, खांद्यावर घोंगडी, हातात कोयती, आणि ओढ्याकाठी त्याने पहिली चूल मांडली. गोष्ट चांगली आहे. पण मंडळी, हीच घोंगडी आणि हीच कोयती कोकणातल्या निम्म्या घरांच्या गोष्टीत आहे. एवढी माणसं एकाच वेळी आंबा घाट उतरली असती तर घाटात पाय ठेवायला जागा उरली नसती! म्हणून आम्ही ठरवलं, की गोष्ट ऐकायची, पण वहीत लिहायचं ते दोन ठिकाणी पटलं तरच.

आता मूळपुरुष म्हणजे काय ते आधी बघू. आपण सहज म्हणतो, की पहिला आला तो मूळपुरुष. आमचं मत असं झालं, की आला तो नव्हे, ज्याने शेत केलं तो. देशावर नांगर धरला की शेत होतं. आपल्याकडे शेत आधी बांधावं लागतं. वर कातळ, खाली उतार, आणि चार महिन्यांत एवढा पाऊस, की उघडी माती थेट पऱ्यात आणि पऱ्यातून नदीत. त्या उतारावर माणूस आधी झाडोरा काढतो, जांभ्याचे धोंडे गोळा करतो, एकावर एक रचून बांध घालतो. एका पावसात बांधाच्या वरच्या अंगाला वीतभर माती अडते. पुढल्या वर्षी बांध हातभर उंच करायचा, पुन्हा माती अडवायची. असं करत करत कुठे पाचसात वर्षांनी भाताला पाणी धरेल अशी मळी तयार होते. तोपर्यंत खायचं काय? तर वरकस. डोंगरउतारावर झाडांचा टाळा तोडून राब भाजायचा आणि पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक. तीनचार वर्षांत जमीन दमली की ती पडीक सोडून दुसरा तुकडा. म्हणजे मूळपुरुषाने आपल्या हयातीत भात पोटभर खाल्ला असेल की नाही, शंकाच आहे. त्याने केलेल्या मळीतलं भात खाल्लं ते नातवाने.

जुन्या राज्यांत पडीक जमीन लागवडीला आणायची तर कौल मिळे. पहिली काही वर्षं सारा माफ किंवा अगदी थोडा, मग दरवर्षी चढता, आणि मग पुरा. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. माती अडवायला वर्षं लागतात हे त्या काळच्या सरकारलाही माहीत होतं, हे सांगायला हवं.

मग आम्ही कागदांकडे वळलो. सात-बारा सगळ्यांनी पाहिला आहे. आमच्या एका तुकड्यावर आज बासष्ट नावं आहेत, क्षेत्र मात्र गुंठ्यांत. एरवी हा सात-बारा कोणी उघडून बघत नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, मोबदल्याच्या नोटिसा आल्या, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा आजोबांच्या भावांची आठवण झाली! आपला हातखंबा तिठ्यावरचा गाव. एक रस्ता मुंबईला, एक गोव्याला, एक रत्नागिरीला, आणि पालीवरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. रस्ता रुंद होतो तेव्हा बांध जातात, आणि बांध गेले की वारस शोधायची पाळी येते. त्या दिवसांत एका कचेरीत आम्हाला वारसाचा दाखला आणा म्हणून सात खेपा घालायला लावल्या. ते असो.

सात-बाराच्या मागे फेरफार, त्याच्या मागे हक्काचं पत्रक, आणि त्याच्याही मागे गेलं की रत्नागिरी जिल्ह्याचा खास कागद लागतो तो बोटखत. तो बहुतेक मोडीत. मोडी वाचणारं माणूस शोधण्यात पाच महिने गेले. हल्ली कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडीवाल्यांना उसंत नाही. आमच्यातल्या एका पोरीने शेवटी वैतागून स्वतःच मोडीचा वर्ग लावला आणि आज ती आमच्यापेक्षा भराभर वाचते.

तरुण मंडळी हे काम पुढे करणार असतील तर दोनतीन गोष्टी सांगून ठेवतो. जुन्या कागदात आडनाव शोधू नका, बहुधा नसतंच. अमुक ‘बिन’ तमुक असं असतं, म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक. बाईच्या नावापुढे ‘कोम’ असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. सालं तीन तऱ्हांची येतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन. फसलीत ५९० मिळवायचे. पेशवाईतल्या कागदात सुहूर सन असतो, त्यात ५९९. महिन्याच्या फरकाने एखादं वर्ष इकडेतिकडे होतं, तेवढं धरून चालायचं. आणि कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, ती पाहिल्याशिवाय कुणाचं वय ठरवू नका.

तर बोटखतात आमचा मूळपुरुष मालक म्हणून सापडेल अशी आमची समजूत. मालकाच्या रकान्यात खोताचं नाव. आमच्या घराचं नाव कुळाच्या रकान्यात, तेही मूळपुरुषाचं नाही, त्याच्या नातवाचं.

नव्या पिढीला खोती ऐकूनच माहीत, म्हणून थोडं सांगतो. गावाचा सारा सरकारात भरायची जबाबदारी घेतलेला वंशपरंपरेचा वतनदार म्हणजे खोत. तो कुळांकडून भाताचा अर्धा हिस्सा घेई, त्याला अर्धेली म्हणत. वरकसाचा तिसरा हिस्सा, ती तिर्धेली. शिवाय वेठ. काही गावकरी धारेकरी होते, ते सरकारी धारा भरून मोकळे. बाकीची कुळं. १८८० च्या खोती कायद्याने कुणाचा हक्क कोणता हे लिहून ठेवलं, आणि त्यामुळेच निदान कुळाच्या रकान्यात का होईना आमचं नाव उमटलं. खोतांचे वंशजही आज या मंडपात आहेत, आपल्याबरोबर पंगतीला बसले आहेत, त्यांना बोल लावायचा नाही. पण जे होतं ते होतं.

हे मोडायला फार वर्षं लागली. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ पासून सहा वर्षं खोतांची शेतं कसायचं नाकारलं. ज्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले. तरी खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पुढे कूळकायद्यातला १ एप्रिल १९५७ हा दिवस आला, कसेल तो मालक. आमच्या घराच्या नावापुढे सरकारी कागदावर ‘कब्जेदार’ हा शब्द त्या सुमाराला पहिल्यांदा आला. म्हणजे ज्याने माती अडवली त्याच्यानंतर पाच पिढ्या गेल्या, तेव्हा कागदाने मान्य केलं की माती यांची.

इथे आम्हाला एक गोष्ट फार लागली. आपल्या जिल्ह्यातून जी माणसं पोटासाठी समुद्रापार गेली, त्यांचा माग इथे राहिलेल्यांपेक्षा चांगला लागतो! १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटाने माणसं गेली. बहुतेक कलकत्त्याहून, पण मुंबई बंदरातूनही गेली, आणि त्यात रत्नागिरीकडची शेतकरी माणसं होती. पोर्ट लुईला उतरलेल्यांच्या नोंदी आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळात फोटोसुद्धा. ती बाडं आज तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत सांभाळून ठेवली आहेत. ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. तिथली मराठी घरं अजून गणपती बसवतात आणि झाकरी नाचतात, म्हणजे आपली जाखडीच. त्यांची नातवंडं-पणतवंडं त्या नोंदी घेऊन कोकणात गाव शोधत येतात. गावाचं नाव परक्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं, त्यामुळे शोधताना घाम फुटतो. पण हातात कागद असतो. मळ्याच्या मालकाला मजूर पळाला तर ओळखायचा होता, म्हणून त्याच्या कपाळावरचा व्रणसुद्धा लिहिला गेला. इथे बांधावर मेला त्याचा व्रण कोण लिहितो?

असा सगळा वनवास झाल्यावर आम्ही गेलो तिथे, जिथे खरं तर आधी जायला हवं होतं असं आमच्या विणेकरीबुवांचं म्हणणं होतं. पंढरपूरला.

आपल्या दिंडीची वारी कार्तिकी. बाहेरचे लोक विचारतात, तुम्ही कोकणातले आषाढीला का नाही? आता ज्याने तरवा उपटलाय त्याला हे विचारू नये. आषाढात आपण गुडघाभर चिखलात असतो. चिखलणी, लावणी, डोक्यावर इरलं, आणि विठोबा तिथूनच हात जोडून घेतो. दिवाळीच्या आसपास भात कापून होतं, झोडणी उरकते, उडवी रचली की माणूस मोकळा. आपले म्हातारे पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचे, मलकापूर, कोल्हापूर, मिरज, सांगोला करत कार्तिकीला पोचायचे. थंडी घाटावरची, अंगावर एक घोंगडी. म्हणजे बघा, आमच्या गोष्टीतली घोंगडी घाट उतरताना होती की नाही कोण जाणे, चढताना नक्की होती.

पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी-प्रयागलाही असतात. कोण गाव, कुणाचा कोण, बरोबर कोण आलं, हे उपाध्या लिहून घेतो, पुढच्या पिढीतला आला की मागचं वाचून दाखवतो आणि नवीन नाव चढवतो. आम्ही बसलो. वही आली, लाल कापडात बांधलेली, कडा उंदरांनी खाल्लेल्या. पोरगी वाचायला लागली. ‘मौजे हातखंबे’ हे शब्द तिने वाचले आणि आमच्यातले दोघे जण उगाच उठून उभे राहिले.

तिथे आमच्या घराच्या सहा पिढ्या लागल्या. बोटखतातला नातू होता, त्याचा बाप होता, आणि बापाच्या नावापुढे ‘बिन’ लिहून मूळपुरुषाचं नाव होतं. ते इथे माइकवर उच्चारत नाही, वंशावळीच्या पानावर सर्वांत वर छापलं आहे, डोळ्यांनी बघा. तो स्वतः पंढरीला आला होता का, ते त्या वहीवरून सांगता येत नाही. त्याचा मुलगा आला होता, आणि मुलाच्या नावाखाली ‘कोम’ लिहून दोन बायकांची नावं. एक त्याची बायको. दुसरी त्याची आई. म्हणजे मूळपुरुषाची घरधनीण.

मंडळी, आम्ही दोन वर्षं कागद चाळले. सात-बारा, फेरफार, बोटखत, वसुलाच्या पावत्या. १९५६ च्या आधीच्या आमच्या घरच्या एकाही जमिनीच्या कागदावर बाईचं नाव नाही. खोताच्या दप्तरात नाही, सरकारच्या दप्तरात नाही. ती एकाच ठिकाणी सापडली, वारीच्या वहीत. कारण ती चालत गेली होती, आणि उपाध्याने विचारलं असेल, बाई नाव काय?

परत आल्यावर हे आम्ही आमच्या वाडीतल्या सगळ्यांत वयस्क आजीला सांगितलं. नव्वदी गाठलेली बाई. ती ऐकत होती, मग म्हणाली, “पोरांनू, मालक मालक काय करतास? खालच्या मळीचा बांध माज्या आजेसासूनं घातलान. पोर पाठीला बांधून धोंडे वायलान तिनं.” त्या मळीच्या कोपऱ्याला आम्ही लहानपणापासून ‘म्हातारीचा कोपरा’ म्हणतो. कुठली म्हातारी, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आणि इथून वाद सुरू झाला.

वंशावळीचा पहिला कच्चा कागद तयार झाला तेव्हा त्यात सगळे पुरुष. रीतच तशी आहे. आमच्यापैकी तिघांनी म्हटलं, की बायकांची नावं घाला, आणि लेकींचीही घाला, मग त्या कुठे का दिल्या असेनात. भावकीची बैठक बसली, रात्री एकपर्यंत चालली. एकाने उघडच सांगितलं, आज स्मरणिकेत नाव छापाल, उद्या तेच दाखवून बहिणी हिस्सा मागतील. रस्त्याच्या मोबदल्याच्या वेळी दोन घरांत असं झालं आहे, बहीण-भाऊ आज बोलत नाहीत, हे आम्ही नाकारत नाही. भीती खोटी नव्हती.

त्याला आम्ही दिलेलं उत्तर असं. लेकीचा हक्क स्मरणिकेने मिळत नाही आणि स्मरणिकेतून नाव गाळल्याने जातही नाही. १९५६ च्या वारसा कायद्याने तिला बापाच्या वाट्यात वारस केलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीने आणलं, आणि २००५ मध्ये ते देशभर झालं. बहिणीने आपखुशीने हक्कसोड केली तर तिचा मोठेपणा. पण तिला चहा पाजून, कागद न वाचता सही घ्यायची, आणि वर वंशावळीतही तिला जागा नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

तरीही काही जण म्हणत राहिले, की वंश पुरुषांनीच चालतो. तेव्हा आमच्यातल्या एका बुवांनी देहूची वंशावळ काढली. ती आपण सगळे मानतो. विश्वंभरबोवांपासून तुकोबांपर्यंत आठ नावं धडाधड सांगतो. पण मध्ये काय झालं ते आठवा. विश्वंभरबोवांचे मुलगे हरी आणि मुकुंद लष्करात गेले आणि लढाईत पडले. मुकुंदाची बायको सती गेली. हरीची बायको पोटुशी होती. तिला घेऊन सासू आमाबाई देहूला परतली, पुढे मुलगा झाला, त्याचं नाव विठ्ठल. तिथून पुढची पाचही नावं त्या एका गरोदर सुनेच्या आणि तिला सांभाळणाऱ्या सासूच्या जिवावर. पुन्हा तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर तेच. नारायणबोवा तेव्हा जिजाईच्या पोटात होते. त्याच नारायणबोवांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. जिजाईने त्यांना वाढवलं नसतं तर आज आपण कुठल्या पालखीमागे चाललो असतो? बुवा एवढं बोलून तंबाखू मळायला लागले. बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी मतं घेतली नाहीत, ती आपली पद्धत नाही. ठरलं ते असं. वंशावळीत सुना आणि लेकी दोन्ही घ्यायच्या. ज्यांचं नाव सापडलं नाही त्यांच्या जागी चौकट मोकळी ठेवायची, ‘पत्नी’ असं नुसतं लिहून भागवायचं नाही. दोन घरांनी आपल्या लेकींची नावं द्यायला नकार दिला. त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, तिथेही चौकटी मोकळ्या आहेत. त्यातल्या एका घरची लेक काल रात्री चिपळूणहून आली आणि तिने छापील पानावर पेनाने स्वतःचं नाव लिहिलं. कुणी तिला अडवलं नाही. भावानेच पेन दिलं, हेही सांगतो, कारण भाऊ इथे पहिल्या रांगेत बसला आहे.

आता राहिलेलं काम. मुंबईला गिरण्यांत गेलेली आमच्या भावकीची एक शाखा १९८२ च्या संपानंतर गावाशी तुटली आहे. त्यांच्यापैकी कुणी ओळखीचं असेल तर सांगा. मोडीतले तीन कागद वाचायचे राहिलेत, एकावर पाणी पडलेलं आहे. म्हातारीच्या कोपऱ्याचा बांध गेल्या पावसात पाच हात ढासळला आहे, तो कार्तिकीला निघण्याआधी रचायचा आहे. धोंडे खालीच पडलेत, बाहेरून आणावे लागणार नाहीत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता जमू, येताना ज्याने त्याने आपली पहार आणावी. वंशावळीची मोठी प्रत देवळाच्या सभामंडपात लावली आहे, शेजारी दोरीने पेन्सिल बांधली आहे. मोकळ्या चौकटी एकूण एकेचाळीस आहेत. ज्याला जे नाव आठवेल त्याने ते लिहावं, आणि कुणाकडून ऐकलं तेही खाली लिहावं.

रामकृष्ण हरी.